पडलेला खांदा

सोडाबाईंच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नातेवाइकांना मान नाही. पेशंटला आत घेतात आणि सोबत आलेल्यांना बाहेरच्या बाकावर बसवून दार ओढून घेतात. एखादी बायको फारच गयावया करायला लागली तर तिला आत येऊ देतात, पण दोन्ही हात पाठीमागे बांधून उभं राहायचं, ही अट. नवरा भिंतीशी लटपटत उभा आहे, कपाळावरून घाम ओघळतोय, आणि बायकोनं नुसतं बघायचं. कुणालाही ते सोसत नाही. हात आपोआप पुढे जातो, आणि मग बाईंचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत पोचतो, "सोडा! सोडा म्हणते ना त्यांना!" गल्लीनं त्यांना नाव दिलं ते त्यावरूनच. शेजारच्या लहान मुलांची अजून समजूत आहे की आत बाटलीतला सोडा मिळतो.

बाईंचं काळीज दगडाचं आहे, असं बाकावरचे लोक एकमेकांत बोलतात. बोलोत बापडे. बाकावर बसून बसून कंबर धरली की माणूस काहीही बोलतं. पण ह्याच बाईंनी शाळा संपायच्या वर्षी एका माणसाला इतकं घट्ट धरून ठेवलं होतं की त्याची सुटका होता होता सगळ्या घराला घाम फुटला, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

तेव्हा त्या सोडाबाई नव्हत्या. घरात त्यांना चिंगी म्हणायचे, आणि पुढची हकिगत चिंगीची असल्यामुळे तिला अहो-जाहो करण्यात काही अर्थ नाही.

चिंगीचे वडील, म्हणजे सगळ्यांचे मास्तर, कोट शिवायचे. शर्ट-पँट शिवणारे रस्त्यावर पुष्कळ होते, पण कोट म्हटला की लोक मास्तरांकडेच यायचे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. दुकानात कमरेएवढ्या उंचीचं कापड कापायचं टेबल, आणि टेबलाच्या समोरच्या भिंतीवर माणूस डोक्यापासून बुटापर्यंत दिसेल असा आरसा. गिऱ्हाइकाला अर्धवट शिवलेला कोट घालून मास्तर त्या आरशासमोर उभं करायचे आणि मागे सरून नुसते बघत राहायचे. मग म्हणायचे, "साहेब, तुमचा उजवा खांदा पडलाय." साहेबांना राग यायचा. मास्तर हसून सांगायचे की एक खांदा सगळ्यांचाच पडलेला असतो, माणूस ज्या बाजूनं ओझं उचलतो ती बाजू खाली येते, त्यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, कोट आहे कशासाठी? मग ते पडलेल्या खांद्याखाली पातळ गादी सरकवायचे, तळव्यानं खांदा हलकेच वर उचलून धरायचे आणि आरशातल्या माणसाला विचारायचे, "ठीक?"

दुसरी त्यांची खोड धाग्यांची. पक्की शिलाई मारण्याआधी सगळा कोट पांढऱ्या कच्च्या दोऱ्यानं जोडलेला असतो. मशीन मारून झालं की तो दोरा काढून टाकायचा. हे काम मास्तर कुणालाही करू द्यायचे नाहीत, बायकोलासुद्धा नाही, आणि मशीनवर तर तिचाच हात बसलेला होता. एक कच्चा टाका जरी आत राहिला तरी कोट तिथं आखडतो, असं त्यांचं म्हणणं. सगळे धागे काढून झाले की ते टेबलावर त्यांचा ढीग करायचे आणि लहानगी चिंगी तो ढीग फुंकर मारून उडवून द्यायची. त्याबद्दल तिनं आईचे धपाटेही खाल्ले आहेत.

एका सकाळी टेबलाशी उभे असताना मास्तरांच्या हातातली कात्री खाली पडली. ती उचलायला म्हणून ते वाकले आणि उठलेच नाहीत. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी आले तेव्हा कोट शिवणारा तो हात मुठीत वळून छातीशी येऊन बसला होता. वाचा म्हणाल तर एकच शब्द परत आला, तो म्हणजे "ठीक". भूक लागली, ठीक. नको झालं, ठीक. डॉक्टरांनी नाव विचारलं, तर त्यालाही ठीक. चिंगीचा मामा तसा मोठा बोलघेवडा माणूस. तो म्हणाला, "मेहुण्यांनी आजवर माझं एक म्हणून ऐकलं नाही, आता बघा, प्रत्येक गोष्टीला कबूल." त्यावर चिंगीची आई हसली, हसता हसता तोंडाला पदर लावून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चिंगीला एकाच गोष्टीचं फार वाईट वाटायचं. बाबा तिच्याकडे बघून तोंड उघडायचे, तिची हाक ओठांवर आलेली दिसायची, आणि बाहेर मात्र तेच पडायचं.

त्यांना उभं करायचं काम चिंगीनं अंगावर घेतलं. आईची उंची कमी पडायची. चिंगी बापासारखी उंच निघालेली. ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहायची, ते धडक्या डाव्या हातानं तिचा उजवा खांदा घट्ट धरायचे, आणि ती त्यांना पलंगापासून दुकानातल्या टेबलापर्यंत आणि परत असं चालवायची. शाळेत जाण्याआधी एकदा, आल्यावर एकदा, परीक्षेच्या दिवसांतही खंड नाही. शेजारणी दारात उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, मुलगी असावी तर अशी. चिंगीला ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये? त्या घरात त्या वर्षी आवडण्यासारखं दुसरं होतंच काय?

फिजिओथेरपी शिकायची, हे तिनं ठरवलं ते तिथूनच. इस्पितळातल्या थेरपिस्ट मॅडम पेशंटना चालवतात, आपण बाबांना चालवतो, म्हणजे हे काम आपल्याला येतंच, आता फक्त डिग्री घ्यायची बाकी आहे, असा तिचा साधा हिशेब होता. त्या वयात सगळ्यांचे हिशेब असेच सोपे असतात.

डिग्रीकडे जाणारे रस्ते मात्र दोन निघाले. एक कॉलेज घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथं तीन वर्षं जीवशास्त्र शिकायचं, पदवी घ्यायची, मग प्रवेश परीक्षा देऊन फिजिओथेरपीचा वेगळा अभ्यासक्रम धरायचा. तिथले प्राणिशास्त्राचे सर सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चिंगीला प्रयोगशाळा दाखवली, बरण्यांतले साप-बेडूक दाखवले, एक हात नसलेला सांगाडा दाखवला आणि काही न लपवता सांगितलं, "आमची काही मुलं त्या परीक्षेत लागतात, काही लागत नाहीत. पाया पक्का करून देऊ, एवढं सांगतो. पण पेशंट मात्र इथं तुला बघायला मिळणार नाही."

दुसरं कॉलेज दिवसभराच्या प्रवासावर. तिथं पहिल्या दिवसापासून फिजिओथेरपीच, आवारातच इस्पितळ, आणि राहायचं होस्टेलवर. मुलाखतीला ती मामाबरोबर गेली होती. एका मोठ्या हॉलमध्ये मुलंमुली जोडीजोडीनं सराव करत होती. एकानं पेशंट व्हायचं, दुसऱ्यानं त्याला खुर्चीतून उठवायचं. पेशंट झालेला एक मुलगा इतका मन लावून लंगडत होता की मामाला त्याची दया आली. चिंगी त्या हॉलच्या दारात उभी राहिली आणि तिचा पाय तिथून निघेना. मुलाखत चांगली झाली, नाव लागलं. कॉलेज उघडायच्या दिवशी हजर व्हायचं, नाहीतर जागा पुढच्या मुलीला.

घरी येईपर्यंत मामानं आपलं मत पक्कं केलं होतं. "जवळचं घे. घरचं जेवण, घरची झोप, बापाकडे लक्ष. आधी डिग्री तर पदरात पडू दे, लोकांचे हातपाय ओढायला काय, नंतरही शिकता येईल."

आई म्हणाली, "तुला वाटेल ते कर." आईच्या तोंडचं हे वाक्य जगातल्या कुठल्याच मुलीला जसंच्या तसं घेता आलेलं नाही.

चिंगी बाबांजवळ जाऊन बसली. "बाबा, लांबच्या कॉलेजात जाऊ?"

"ठीक."

"की इथंच राहू?"

"ठीक."

"बाबा, नीट सांगा ना. मी गेले तर तुम्हाला चालेल?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. "ठीक," ते म्हणाले आणि डाव्या मुठीनं स्वतःच्या मांडीवर जोरात मारलं. चिंगी घाबरली. पुन्हा त्यांना असं काही विचारायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं.

दोन दिवसांनी तिनं जवळच्या कॉलेजात नाव घातलं. लांबच्या कॉलेजला नाही म्हणून कळवायचं तेवढं राहिलं, ते ती उद्यावर ढकलत होती. बापासाठी आपण केवढं सोडतोय, असं वाटून तिला रात्री रडू यायचं, पण त्या रडण्यात थोडं सुखही होतं. एकटीनं परक्या गावी जायची तिला भीती वाटत होती. ती आता टळली होती. आणि आपल्यावाचून बाबांचं पाऊल उठत नाही, ही गोष्ट तिला मनातून हवीशी वाटायला लागली होती. हे तेव्हा तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्या माणसाचं तोंड पाहिलं नसतं.

त्याच आठवड्यात मास्तरांना तपासणीसाठी इस्पितळात न्यायचं होतं. तिघंही गेली. थेरपिस्ट मॅडम म्हणजे एक ठेंगणी, कमी बोलणारी बाई. त्या म्हणाल्या, "चालवून दाखव बघू." चिंगीनं परीक्षा द्यावी तसं मास्तरांना हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन आणलं.

"छान चाललीस," मॅडम म्हणाल्या.

"मी नाही मॅडम, बाबा."

"तेच म्हणतेय मी. तू छान चाललीस. हे नाही चालले."

मग त्यांनी टेबलाखालून वजनाचे दोन काटे ओढले, शेजारी शेजारी ठेवले आणि मास्तरांना एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून उभं करायला सांगितलं. मास्तर उभे राहिले, डावा हात चिंगीच्या खांद्यावर. डावीकडच्या काट्याची सुई सरकन पुढे गेली. उजवीकडची जेमतेम हलली, जणू त्या काट्यावर रिकामा बूट ठेवला होता.

"तू ह्यांच्या डाव्या बाजूला का राहतेस?"

"डाव्या हातानं त्यांना धरता येतं म्हणून."

"म्हणूनच सगळं अंग तिकडे, तुझ्यावर. उजव्या पायाला तुम्ही कामच ठेवलं नाही. तो नुसता सोबतीला येतो. आजारी बाजूला उभं राहायचं, आणि हात लावायचा नाही, पडायला लागले तरच धरायचं."

"हे मला कुणी सांगितलंच नाही," चिंगी म्हणाली. तिचे कान गरम झाले होते.

"सांगितलं होतं. घरी सोडताना सगळ्यांना सांगतो. त्या दिवशी कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही, हा काही तुमचा दोष नाही." मॅडमनी काटे परत टेबलाखाली सरकवले. "कॉलेजचं काय ठरलं?"

चिंगीनं सांगितलं.

"वाईट नाही. माझी एक मैत्रीण तशीच आली, आधी विज्ञानाची पदवी, मग हे. माझ्यापेक्षा सरस काम करते. ज्याचं अजून नक्की ठरत नाही, त्याला तर तो रस्ता चांगलाच. वर्षं जास्त जातात आणि मधे ती परीक्षा आडवी येते, इतकंच. तुझं काय, ठरलंय का नाही?"

"ठरलंय."

"मग तिकडून कशाला जातेस?"

"बाबांसाठी."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं. "बघ बाई, तुझं तू," असं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या.

घरी येताना बसमध्ये चिंगीच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. "त्यांना काय जातंय बोलायला! एवढे महिने मी चालवतेय बाबांना, मी!" आई खिडकीबाहेर बघत बसली होती.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी बँकेतले साहेब दुकानात आले. मास्तर पडले त्या सकाळी टेबलावर होता तो कोट ह्याच साहेबांचा. निवृत्तीच्या समारंभाला घालायचा होता, आणि तो दिवस जवळ आला होता. अर्धवट आहे तसाच द्या, दुसरीकडून पुरा करून घेतो, असं ते चाचरत म्हणाले. आई म्हणाली, "इथला कोट अर्धवट बाहेर जात नाही. परवा या." दोन दिवस तिनं मशीनवरून मान वर केली नाही. बाह्या बसवल्या, अस्तर लावलं, कॉलर बसवली. तिसऱ्या दिवशी दुपारी कोट टेबलावर उलगडून ठेवला आणि चिंगीला हाक मारली.

"ह्यांना घेऊन ये. धागे काढायचे राहिलेत."

"मी काढते की पटकन."

"ते त्यांचं काम आहे," आई म्हणाली आणि मशीनवरचा कचरा झाडायला लागली. आईनं हे सगळं ठरवून केलं होतं का, हे चिंगीनं पुढे पुष्कळदा विचारलं. आईनं कधी ताकास तूर लागू दिली नाही.

चिंगीनं मास्तरांना आणलं, नेहमीसारखंच, डाव्या बाजूनं. मॅडमचं बोलणं तिला झोंबलं होतं, म्हणून मुद्दामच डाव्या बाजूनं. टेबलाशी येऊन दोघं उभी राहिली. मास्तरांनी कोट पाहिला. कॉलरच्या कडेनं, खांद्यांवरून, समोरच्या दोन्ही पल्ल्यांवरून पांढरा कच्चा दोरा तसाच होता. त्यांच्या घशातून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता. आपलं हरवलेलं माणूस बाजारात अचानक समोर आलं की निघावा तसा होता.

चिंगीनं कॉलरचा एक धागा नखानं उचलला. "ठीक! ठीक!" मास्तर ओरडले. त्याचा अर्थ 'हात लावू नकोस' हे कुणालाही कळलं असतं. तिनं हात मागे घेतला.

धागे त्यांनाच काढायचे होते. आणि काढायला त्यांच्याजवळ एकच हात होता, तो चिंगीच्या खांद्यावर.

मास्तरांनी मान वर केली. समोर आरसा होता. इतक्या महिन्यांत ते टेबलापर्यंत कितीदा आले असतील, पण खाली पावलांकडे बघत यायचे आणि पावलांकडे बघत जायचे. आज त्यांनी आरशात पाहिलं, आणि तेही गिऱ्हाइकाकडे बघायचे तसं, डोळे बारीक करून, घाई न करता. स्वतःला त्यांनी ओझरतंच पाहिलं. मग त्यांची नजर चिंगीवर आली आणि तिथंच थांबली. ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली, परत आली.

चिंगीनंही आरशात पाहिलं. तिचा उजवा खांदा पडला होता. चांगला दिसण्याइतका पडला होता. त्या बाजूनं कुडत्याची शिवण दंडावर उतरली होती, मान डावीकडे कलली होती. बाबांचा हात खांद्यावर असताना तर होताच, पण तिला एकदम आठवलं की शाळेतल्या मैत्रिणी हल्ली म्हणायच्या, तू अशी वाकडी का चालतेस गं?

मास्तरांच्या तोंडावर जे आलं, ते तिनं त्यांच्या आजारपणातही कधी पाहिलं नव्हतं. त्यांना लाज वाटली होती. बापाला आपल्या मुलीपुढे वाटू नये अशी लाज.

त्यांनी तिच्या खांद्यावरचा हात काढला.

ते हलले, डावीकडून उजवीकडे, आणि चिंगीचे दोन्ही हात झटकन पुढे गेले.

"सोड त्यांना." आई दारात उभी होती. आवाज चढलेला नव्हता, पण असा आवाज चिंगीनं तिच्या तोंडून ऐकला नव्हता. "सोड म्हणते ना. हात मागे घे."

चिंगीनं हात मागे घेतले आणि आपल्याच बोटांत बोटं आवळून धरली. मास्तरांनी पोट टेबलाच्या कडेला टेकवलं. उजवा गुडघा लटपटला, वाकला, आता गेला असं वाटलं, आणि ताठ झाला. ते उभे होते. दोन्ही पायांवर होते की दीड पायावर, देव जाणे, पण उभे होते. डावा हात हवेत चाचपडत कोटापर्यंत गेला. पहिला धागा बोटांत यायलाच किती वेळ लागला. उजव्या हातानं सराईतपणे होणारं ते काम डाव्याला कधी शिकवलेलंच नव्हतं. धागा आला, निसटला, पुन्हा आला. मग सर्रकन सुटला, लांबच्या लांब, आणि मास्तरांनी तो टेबलावर बाजूला ठेवला.

चिंगीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिला रडू आलं ते भीतीनं आलं, आणि खरं सांगायचं तर थोडं अपमानानंही आलं. तिच्यावाचून ते उभे राहू शकत होते. कदाचित आधीपासूनच राहू शकले असते. रोज ज्या खांद्याचं कौतुक झालं होतं, तोच खांदा मधे आला होता. तिनं हात मात्र पुढे आणले नाहीत. तिची नखं तिच्याच तळव्यांत रुतली होती.

मास्तरांनी सगळे धागे काढले. मधे दोनदा टेबलावर कोपर टेकून दम खाल्ला. शेवटी आईनं मागून खुर्ची सरकवली आणि ते तिच्यात कोसळल्यासारखे बसले. टेबलावर धाग्यांचा ढीग झाला होता. तो कुणी फुंकरला नाही.

संध्याकाळी भांडी घासताना चिंगी म्हणाली, "मी गेले आणि ते पडले तर?"

"पडतील," आई म्हणाली. "मी उचलीन."

"तुला एकटीला कसे उचलवतील?"

"शेजाऱ्यांना हाक मारीन. तुझ्या मामाला बोलावीन, निदान बोलणं तरी कमी होईल त्याचं." मग तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "मला तू इथं हवीच आहेस गं. म्हणून तर इतके दिवस गप्प बसले. काय बोलले असते? जा म्हणायला जीभ उचलत नव्हती."

नळ चालू होता, तो बंद करायचंसुद्धा कुणाच्या लक्षात आलं नाही.

चिंगी लांबच्या कॉलेजात गेली. निघायच्या दिवशी मास्तर टेबलाशी उभे होते, पोट कडेला टेकवून. चिंगीनं पाया पडायला वाकायचं टाळलं, कारण वाकली असती तर उठली नसती. मामा तिला पोचवायला गेला आणि सगळ्या वाटेवर, लांबचं कॉलेजच कसं चांगलं, हे आपण आधीपासून म्हणत होतो, असं सांगत राहिला.

पहिले महिने तिला फार जड गेले. स्नायूंची नावं पाठ होईनात. सरावात ती ज्या कुणाची थेरपिस्ट व्हायची, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहायची आणि खांदा खाली करायची. शिकवणाऱ्या बाई लांबून म्हणायच्या, "तू पुन्हा कोटाची खुंटी झालीस." मुलं हसायची. एकदा वजनाचे दोन काटे वर्गात आले, आणि ती पाणी प्यायचं निमित्त करून बाहेर गेली.

घरी फोन केला की आई थोडं बोलून फोन बाबांच्या कानाला लावायची. "ठीक," बाबा म्हणायचे. चिंगी त्या एका शब्दात सगळं शोधायची. आवाज दमलेला आहे का, उभे आहेत की पडून आहेत, आई शेजारी हसतेय की नाही. कधी सापडायचं, कधी नाही.

सुट्टी लागली तेव्हा ती कुणाला न कळवता आली. दुकानाचं दार उघडं होतं. आत आई मशीनवर होती. आता तिथं कोट शिवले जात नव्हते, जुने कपडे सैल करून, घट्ट करून दिले जात होते. मास्तर मागच्या दाराच्या चौकटीत उभे होते. डाव्या हातात काठी. उजवा हात अजून मुठीतच होता. तो पुढेही तसाच राहिला, पुन्हा कात्री काही त्या हातात आली नाही. आणि कपाळावर, भुवईच्या वर, एक ताजा व्रण होता.

"हे कधी झालं?" चिंगीनं विचारलं.

"झालं मागे," आई म्हणाली.

"आणि मला फोनवर कुणी सांगायचं?"

"सांगितलं असतं तर तू तिथं राहिली असतीस?"

चिंगीला आईचा भयंकर राग आला. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात मास्तर निघाले. काठी पुढे, मग उजवा पाय. तो घासटत येत होता, पण टेकत होता, आणि टेकला की मास्तरांचं अंग त्याच्यावर येत होतं. चिंगीला आता ते बघता येत होतं. तिनं बाकी सगळं सोडून त्या पावलाकडेच पाहिलं. ते टेबलाला वळसा घालून आरशाजवळ आले आणि काठी टेबलाच्या कडेला अडकवून थांबले.

एवढं सगळं शिकून आलेली चिंगी धावत गेली आणि जाऊन उभी राहिली ती त्यांच्या डाव्या बाजूलाच. खांदा आपसूक खाली गेला.

मास्तरांनी डावा हात त्यावर ठेवला. चिंगीनं गुडघे घट्ट केले आणि वजन येण्याची वाट पाहिली. वजन आलं नाही. हात नुसता होता, टोपी ठेवावी इतका हलका. मग तो खांद्याखाली सरकला, तळवा वर झाला, आणि मास्तरांनी तिचा पडलेला खांदा हलकेच वर उचलला, दुसऱ्याच्या बरोबरीनं आणला आणि तिथं धरून ठेवला. त्यांनी आरशातल्या चिंगीकडे पाहिलं. आजारपणानंतर त्यांनी तो शब्द हजार वेळा उच्चारला असेल, पण विचारला पहिल्यांदाच.

"ठीक?"

चिंगीला हो म्हणायचं होतं. तिनं हात पाठीमागे नेले, बोटांत बोटं आवळली आणि नुसती मान डोलावली.